चिकित्सा मानसशास्त्रात करिअर करायचे असेल तर: एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा आहे: तुम्ही मानसशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहात, लोक तुमच्याजवळ सहज मन मोकळे करतात, आणि म्हणून तुम्हाला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (चिकित्सा मानसशास्त्रज्ञ) व्हायचे आहे, मात्र पुढच्या अभ्यासक्रमांत संख्याशास्त्र, संशोधनपद्धती आणि चाचण्या यांनाच एवढी जागा का दिलेली असते हे तुम्हाला कळत नाही, कोणता मार्ग निवडावा याचा गोंधळ आहे, आणि आपण या कामाला योग्य आहोत का हे आधीच ओळखता येईल का, असेही तुम्ही विचारले आहे. हे तीन प्रश्न वरवर वेगळे दिसले तरी त्यांचे उत्तर बरेचसे एकाच ठिकाणी सापडते. आपला अंदाज चुकू शकतो हे गृहीत धरून तो वारंवार तपासून घेण्याची ज्याची तयारी आहे, त्याने या क्षेत्रात जरूर यावे. ज्याला ही तपासणी अपमानास्पद वाटते त्याने, त्याचे ऐकण्याचे कौशल्य कितीही चांगले असले तरी, दुसरे काम शोधलेले बरे.

लोक तुमच्याशी मोकळेपणाने बोलतात ही उपयोगी गोष्ट आहे, पण तिच्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नका. मित्र तुमच्याशी बोलतो तेव्हा त्याने तुम्हाला निवडलेले असते. रुग्णालयात येणारा माणूस अनेकदा कोणीतरी पाठवला म्हणून आलेला असतो, त्याला बोलायचे नसते, त्याला तुमच्याबद्दल शंका असते, किंवा तो इतका थकलेला असतो की एकेका वाक्यासाठी थांबावे लागते. शिवाय ऐकणे हा कामाचा एक भाग झाला. त्याच्या जोडीला सविस्तर केस हिस्टरी घेणे, मानसिक स्थितीची तपासणी करणे, बुद्धिमत्ता, स्मृती, व्यक्तिमत्त्व यांच्या चाचण्या देणे व त्यांचे अर्थ लावणे, त्रास कशामुळे सुरू झाला आणि आज कशामुळे टिकून आहे याची केसनिहाय मांडणी करणे, त्या मांडणीवर आधारलेला उपचार करणे, अहवाल लिहिणे आणि मानसोपचारतज्ज्ञ, शिक्षक, कुटुंबीय किंवा न्यायालय यांच्याशी बोलणे, हे सगळे येते. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असतात आणि औषधे लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला बहुतेक देशांत तो अधिकार नसतो. हा फरक तुम्हाला ठाऊक असेलच, पण प्रवेशाच्या मुलाखतीत तो नीट सांगू न शकणारे उमेदवार दरवर्षी भेटतात.

या विद्याशाखेची सुरुवातही मोजमापातूनच झाली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लायटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले, तेव्हा त्यांच्याकडे आलेली पहिली केस शब्दलेखन न जमणाऱ्या एका मुलाची होती. त्या मुलाचे नेमके काय अडते हे शोधून त्यावर उपाय करून पाहणे, आणि उपाय लागू पडला की नाही हे पुन्हा तपासणे, हा क्रम तेव्हापासून चालत आला आहे.

आता संख्याशास्त्राचा प्रश्न. समजा, एखादा विकार एक हजार माणसांपैकी वीस जणांना आहे आणि तुमच्या हातात एक चांगली चाचणी आहे: विकार असलेल्या शंभरातले नव्वद ती अचूक ओळखते आणि विकार नसलेल्या शंभरातल्या नव्वदांना बरोबर वगळते. या हजार जणांना ती चाचणी दिली तर विकार असलेल्या वीसपैकी अठरा जण सापडतील. पण विकार नसलेल्या ९८० जणांपैकी ९८ जणांवरही तोच शिक्का बसेल. म्हणजे चाचणीने ‘आहे’ असे सांगितलेल्या ११६ जणांपैकी खरोखर विकार असलेले फक्त अठरा, साधारण सोळा टक्के. हे गणित ज्याला येत नाही तो तरुण मानसशास्त्रज्ञ समोरच्या आईला, तिच्या मुलाला अमुक विकार आहे, असे आत्मविश्वासाने सांगून मोकळा होतो, आणि त्या एका वाक्याचे ओझे ते घर पुढे कित्येक वर्षे वाहते. हीच चाचणी विशेष उपचार केंद्रात, जिथे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो विकार असतो, तिथे वापरली तर तिचा होकार बऱ्याच अंशी विश्वासार्ह ठरतो. चाचणी तीच राहते, बदलते ती कोणत्या समूहात ती वापरली जाते ही गोष्ट. संख्याशास्त्राच्या तासाला जे शिकवले जाते त्यातले निदान एवढे तरी रोजच्या कामात लागते.

संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती शिकण्याचे दुसरे कारण अधिक अवघडल्यासारखे करणारे आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ मध्ये एक प्रश्न उभा केला: रुग्णाबद्दलची माहिती ठरलेल्या सूत्रात घालून काढलेला अंदाज आणि अनुभवी चिकित्सकाने त्याच माहितीवरून मनाने बांधलेला अंदाज, यांत अधिक बरोबर कोणता? मील स्वतः मानसोपचार करणारे होते, तरीही त्यांनी पुरावा सूत्राच्या बाजूने असल्याचे मांडले. पुढे २००० मध्ये १३६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला आणि त्यातही सूत्राचे अंदाज सरासरीने सुमारे दहा टक्के अधिक अचूक निघाले. चिकित्सकांनी स्पष्टपणे बाजी मारली असे अभ्यास थोडेच होते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात, उपचार घेणाऱ्या ५५० जणांपैकी कोणाची स्थिती उपचाराच्या अखेरीस अधिक खालावलेली असेल, असे उपचारकांनाच विचारले गेले. त्यांनी तीन जणांबद्दल तसे भाकीत केले. प्रत्यक्षात चाळीस जणांची स्थिती खालावली. २०१२ मधील एका सर्वेक्षणात मानसिक आरोग्य व्यावसायिकांना, सहकाऱ्यांच्या तुलनेत तुमचे कौशल्य किती, असे विचारले असता सुमारे चौथ्या हिश्श्याने स्वतःला सर्वोत्तम दहा टक्क्यांत बसवले आणि सरासरीपेक्षा कमी असे एकानेही म्हटले नाही. अनुभवाने तरी ही गोष्ट आपोआप सुधारते का? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १७० उपचारकांचे साडेसहा हजारांहून अधिक रुग्णांसोबतचे काम अनेक वर्षांच्या कालावधीत पाहिले गेले. त्यात सरासरी उपचारकाचे परिणाम वर्षांगणिक सुधारलेले दिसले नाहीत, उलट ते अगदी किंचित घसरले, जरी काही उपचारक याला अपवाद होते.

हे निष्कर्ष वाचून निराश होण्याचे कारण नाही. उपचारांचा उपयोग होतो ही गोष्ट वेगळी आणि बरीच पक्की आहे: मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनी १९५२ मध्ये मानसोपचाराच्या परिणामकारकतेवरच शंका घेतली होती, आणि १९७७ मध्ये स्मिथ व ग्लास यांनी सुमारे पावणेचारशे अभ्यास एकत्र करून उपचार घेणारे, न घेणाऱ्यांपेक्षा सरासरीने बरेच पुढे असतात, हे दाखवले. वरच्या अभ्यासांचा अर्थ इतकाच की नुसती वर्षे मोजून कौशल्य वाढत नाही. रुग्णाची स्थिती दर सत्रात एखाद्या साध्या प्रश्नावलीने मोजली, आणि सुधारणा अपेक्षेप्रमाणे होत नसल्याचे उपचारकाला वेळीच कळवले, तर बिघडणाऱ्या केसेसचे प्रमाण कमी होते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. दोन मिनिटांच्या या मोजमापाचा कंटाळा करणारे नामवंत लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

सद्हेतूने केलेले काम अपाय करणार नाही, हा समजही संशोधनाशिवाय मोडला नसता. भीषण प्रसंगातून गेलेल्या माणसाला लगेच एका सत्रात सगळे तपशिलाने बोलायला लावले की पुढचा आघातजन्य विकार टळतो, असे एके काळी मानले जात होते आणि आपत्तीनंतर अशी सत्रे सक्तीने घेतली जात. या पद्धतीवर झालेल्या प्रयोगांचा, कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्याचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा आढावा २००२ मध्ये आला. अशा एकाच सत्राने विकार टळत नाही, असे त्यात आढळले, आणि सक्तीची सत्रे बंद करावीत असे त्याने सुचवले. ज्याला शोधनिबंध वाचता येत नाही त्याला अशा वेळी कार्यशाळेत शिकवले तेच खरे मानावे लागते.

मार्गाविषयी आता. १९४९ मध्ये अमेरिकेत कोलोराडो राज्यातील बोल्डर येथे झालेल्या परिषदेत असे ठरले की चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हा संशोधक आणि व्यावसायिक असा दोन्ही असावा. १९७३ मधील व्हेल येथील परिषदेने प्रत्यक्ष व्यवसायावर अधिक भर देणाऱ्या, संशोधनाचा वापर करणाऱ्या पण स्वतः संशोधक होण्याचा आग्रह न धरणाऱ्या प्रशिक्षणालाही मान्यता दिली. अमेरिकेतले पीएचडी आणि सायडी (Psy.D., म्हणजे व्यवसायावर भर देणारी डॉक्टरेट) हे दोन रस्ते या दोन विचारांतून आले आहेत, आणि दोन्हींना पदवीनंतर साधारण पाच ते सात वर्षे लागतात. ब्रिटनमध्ये तीन वर्षांची पूर्णवेळ डॉक्टरेट आहे आणि ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे पदनाम २००९ पासून कायद्याने संरक्षित आहे. नोंदणीशिवाय ते लावता येत नाही. भारतात पदव्युत्तर शिक्षणानंतर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतील दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. हा प्रस्थापित मार्ग राहिला आहे, आणि परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याखेरीज व्यवसाय करता येत नाही. मात्र एम.फिल. ही पदवीच बंद करण्याच्या धोरणामुळे तिथली रचना सध्या बदलते आहे. तुम्ही कुठेही शिकणार असाल तरी पैसे भरण्याआधी एक काम स्वतः करा: त्या देशाच्या नियामक संस्थेच्या अधिकृत यादीत तुमचा अभ्यासक्रम, ती संस्था आणि तुमच्या प्रवेशाचे वर्ष, हे तिन्ही आहे का ते पाहा. ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ या उत्तराला नकार समजा. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राने कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही, त्या प्रमाणपत्रावर नाव कितीही मोठे असले तरी.

मान्यतेच्या यादीतून तीन-चार संस्था हाती आल्यावर निवड कशी करावी? इमारत, क्रमवारी आणि प्राध्यापकांची प्रसिद्धी यांच्याऐवजी सुपरव्हिजनची, म्हणजे वरिष्ठांच्या देखरेखीखाली होणाऱ्या कामाची, चौकशी करा. एका सुपरव्हायजरकडे किती प्रशिक्षणार्थी असतात, आठवड्यात ठरलेला वेळ मिळतो का, सुपरव्हायजर तुमचे सत्र प्रत्यक्ष पाहतात किंवा रेकॉर्डिंग ऐकतात का, की तुम्ही तोंडी सांगितलेल्या वृत्तांतावरच चर्चा होते, हे सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारा. संस्थेच्या माहितीपत्रकात याची उत्तरे नसतात. तोंडी वृत्तांतात आपण आपल्याला न दिसलेले सांगूच शकत नाही. रुग्ण ‘आता बरे आहे’ म्हणाला असे तुम्ही प्रामाणिकपणे सांगता, पण रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला कळते की ते म्हणण्याआधी तो बराच वेळ गप्प होता आणि तुम्ही घाईने विषय बदललात. रुग्णाच्या लेखी संमतीने रेकॉर्डिंग करण्याची पद्धत जिथे आहे, तिथे शिकण्याची संधी मिळाली तर थोडी कमी सोयीची जागाही पत्करा. आणि प्रशिक्षणात आपण होऊन सर्वांत फसलेले सत्र चर्चेला न्या, सर्वांत चांगले जमलेले नव्हे. यासाठी जो निगरगट्टपणा लागतो तो पहिल्या दोन महिन्यांत येतो, नंतर येणे कठीण.

प्रशिक्षणाच्या काळात शक्य तितके वेगवेगळे रुग्ण पाहा: मुले, वृद्ध, व्यसनाधीन, तीव्र मनोविकार असलेले, मेंदूला इजा झालेले. पुढे तुम्हाला फक्त चिंताग्रस्त प्रौढांसोबत काम करायचे असले तरी हे टाळू नका. त्यातही अंतर्रुग्ण (दाखल रुग्णांच्या) विभागात घालवलेला काळ सर्वांत उपयोगी, कारण तिथे शरीराकडे बघण्याची सवय लागते. थायरॉइड मंदावल्याने आलेला थकवा आणि निरुत्साह नैराश्यासारखा दिसतो, थायरॉइड जास्त काम करू लागल्याने होणारी धडधड आणि अस्वस्थता चिंताविकारासारखी दिसते, वृद्ध माणसात अचानक सुरू झालेला गोंधळ संसर्गामुळे किंवा औषधामुळे असू शकतो, आणि उतारवयात स्वभावात झालेला बदल कधी मेंदूच्या पुढच्या भागातल्या गाठीमुळे असतो. पन्नाशीनंतर आयुष्यात प्रथमच मानसिक लक्षणे दिसू लागली तर आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. हा नियम मी प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला पहिल्याच आठवड्यात सांगतो.

चाचण्या देण्याचे काम अनेकांना कारकुनी वाटते. ते तसे नाही, पण ते वाईट रीतीने केले तर कारकुनीहूनही खालचे ठरते. वेक्सलरच्या बुद्धिमापन श्रेणीवर (तिचे पहिले रूप १९३९ चे) नुसता एकूण गुणांक काढून अहवालात लिहिणे सोपे आहे. मूल कोणत्या उपचाचणीत अडखळले, वेळेचे बंधन असताना आणि नसताना त्याची कामगिरी किती बदलली, चुकल्यावर त्याने प्रयत्न सोडला की पुन्हा केला, हे टिपणे हे खरे काम आहे. कोणतीही चाचणी वापरण्याआधी तिची प्रमाणके, म्हणजे तुलनेसाठीचे सरासरी गुण, कोणत्या भाषेच्या, वयाच्या आणि शिक्षणाच्या लोकांवरून काढलेली आहेत ते पाहा. दुसऱ्याच समूहावरून काढलेल्या प्रमाणकांनी तुमच्या समोरच्या माणसाला मोजून त्याच्यावर निष्कर्ष लादणे ही आमच्या व्यवसायातली सर्वांत सर्रास चालणारी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी गफलत आहे.

उपचारपद्धतींबद्दल विद्यार्थी फार वाद घालतात. एक पद्धत, शक्यतो जिच्या बाजूने भरपूर पुरावा आहे अशी, म्हणजे बोधात्मक वर्तनोपचारासारखी (सीबीटी, ज्यात विचार आणि वागणूक बदलण्यावर भर असतो), इतकी नीट शिका की तिच्या मर्यादा स्वतःच्या अनुभवातून कळाव्यात. मग दुसरीकडे वळा. प्रत्येक पद्धतीचे दोन दिवसांचे शिबिर करून जमवलेल्या प्रमाणपत्रांचा रुग्णाला काही उपयोग नसतो. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारसंबंधाचे तीन भाग सांगितले: परस्परांतील जिव्हाळा, उद्दिष्टांवर एकमत आणि ती गाठण्यासाठी करायच्या कामांवर एकमत. नवखे लोक पहिल्या भागात रमतात आणि उरलेले दोन विसरतात. सहा सत्रांनंतर ‘आपण इथे कशासाठी भेटतो आहोत’ या प्रश्नाला रुग्ण आणि उपचारक वेगवेगळी उत्तरे देत असतील, तर जिव्हाळा असूनही उपचार कुठेच चाललेला नसतो.

तुमचा तिसरा प्रश्न, आपण योग्य आहोत का. स्वतः मानसिक त्रासातून गेलेले असणे ही अपात्रता नाही आणि पात्रताही नाही. तो त्रास आता कितपत निवळला आहे, आणि त्याच प्रकारचा रुग्ण समोर आला तर त्याचे ऐकताना तुम्ही स्वतःचीच गोष्ट ऐकू लागता का, हे पाहावे लागते. गरज वाटल्यास स्वतः उपचार घ्यावेत. त्यात कमीपणा नाही. मला काळजी वाटते ती दुसऱ्या एका प्रकारच्या उमेदवाराची, ज्याला लोकांना वाचवायचे असते. रुग्ण सुधारला नाही की तो दुखावतो, रुग्ण दुसऱ्याकडे गेला की रागावतो, आणि रात्री-बेरात्री फोन घेऊन तीन वर्षांत थकून जातो. अनिश्चितता किती सोसता येते हेही पाहा. अनेक केसेसचे पुढे काय झाले ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

आत्महत्येचा धोका असलेले रुग्ण तुमच्याकडे पहिल्या वर्षातच येतील, त्यामुळे हे आधीच पक्के असू द्या: जीव देण्याचे विचार येतात का असे स्पष्ट विचारल्याने ते विचार मनात पेरले जात नाहीत. विचार, योजना, साधनांची उपलब्धता आणि पूर्वीचे प्रयत्न यांची सरळ शब्दांत चौकशी करायची, धोकादायक साधने दूर करण्याची व्यवस्था रुग्ण आणि घरच्यांसह ठरवायची, आणि त्याच दिवशी वरिष्ठांशी बोलून सगळे लिहून ठेवायचे. गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्याच सत्रात सांगायच्या, प्रसंग ओढवल्यावर नव्हे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने टॅरासॉफ खटल्यात १९७६ मध्ये, रुग्णाकडून धोका असलेल्या तिसऱ्या व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी काळजी घेणे हे उपचारकाचे कर्तव्य ठरवले. इतरत्र नियम वेगळे आहेत, आणि आपल्या ठिकाणचा नियम शब्दशः माहीत असणे हे तुमचे काम आहे.

पैशाबद्दल थोडक्यात: सुरुवातीची वर्षे समवयस्कांच्या तुलनेत ओढाताणीची जातात, आणि प्रशिक्षण लांबते तशी ती वाढते. म्हणून नोंदणी हाती येताच स्वतंत्र दवाखाना थाटण्याचा मोह होतो. निदान दोन-तीन वर्षे तरी अशा ठिकाणी नोकरी करा जिथे शेजारच्या खोलीत विचारायला माणूस आहे. एकट्याने काम करणाऱ्याची चूक कुणाला दिसतच नाही. दिवसाला पाच-सहा सत्रांपेक्षा अधिक घेऊ नका. नोंदी आणि अहवाल यांना लागणारा वेळ नवखे लोक जवळजवळ नेहमी निम्म्याने कमी धरतात.

या उरलेल्या वर्षात तुम्हाला करता येण्यासारखे बरेच आहे. संख्याशास्त्राचा पेपर पाठांतराने काढू नका. आठवड्याला एक मूळ शोधनिबंध, त्यातली पद्धतीची आणि निष्पत्तीची प्रकरणे न गाळता, वाचा आणि लेखकांचा निष्कर्ष त्यांच्याच आकड्यांना धरून आहे का ते एका परिच्छेदात लिहा. एखादी हेल्पलाइन, विशेष शाळा किंवा वृद्धांची संस्था, जिथे प्रशिक्षण देऊन स्वयंसेवक घेतात, तिथे निदान सहा महिने नियमित जा. दहा जागी आठ-आठ दिवस गेल्याने फक्त अर्ज लांबतो. प्रवेशासाठीचे निवेदन लिहाल तेव्हा ‘मला लहानपणापासून लोकांना मदत करायला आवडते’ हे वाक्य खोडा, कारण ते प्रत्येक अर्जात असते. त्याऐवजी, त्या सहा महिन्यांत तुमची एखादी समजूत कशामुळे बदलली आणि ती बदलायला तुम्हाला किती वेळ लागला, हे लिहा. निवड समितीतले लोक तिथे थांबून वाचतात, आणि मुलाखतीतला पहिला प्रश्नही बहुधा तिथूनच निघतो.